डब्यातून आलेलं समुद्रफूल

चार माणसं एका खोलीत दिवसभर लोकांचं रक्त तपासत बसली की किस्से साठणारच. आमच्या पनवेलच्या लॅबची अडचण एवढीच की पेशंटचे किस्से बाहेर सांगायचे नसतात. त्यामुळे चहा आला की गाडी फिरून फिरून एकाच पेशंटवर येते. त्या पेशंटला रक्तच नव्हतं, आणि त्याच्याबद्दल कितीही बोललं तरी कुणाचं गुपित फुटत नाही.

चार माणसं म्हणजे लॅबच्या मालकीणबाई डॉ. सामंत मॅडम, घरोघरी जाऊन सॅम्पल आणणारे ठाकूरकाका, रक्त काढणारी हर्षदा आणि मशीनवर बसणारी मी, वैशाली. माझ्या घरी तीन वर्षांपासून खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे, हे या तिघांना पाठ होतं. पाठ होईपर्यंत मी सांगितलंच होतं म्हणा.

*

मे महिन्यात ठाकूरकाका खारघरच्या एका टॉवरमध्ये सॅम्पल घ्यायला गेले. त्या घरातले लोक आठ दिवस गावाला जाऊन आले होते. त्यांच्या माघारी वीज गेली, टाकीचा पंप बंद पडला आणि सगळे मासे मेले. उरलं होतं एक समुद्रफूल. हा असतो प्राणी, पण दिसतो फुलासारखा, दगडाला पाय चिकटवून बोटं हलवत बसतो. याची बोटं आत ओढली गेली होती आणि पायाची पकड सुटली होती. घरातल्या बाई ते कमोडमध्ये टाकायला निघाल्या होत्या. काकांनी एक स्टीलचा डबा मागून घेतला.

त्या दिवशी सॅम्पल वीस मिनिटं उशिरा आली. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. काका म्हणाले, डबा पायात धरून गाडी चालवायची तर हायवेवर वीसच्या वर जाता येत नाही. मॅडमनी विचारलं, मग बर्फाच्या पेटीत का नाही ठेवला?

"मॅडम, रक्ताला बरफ चालतो," काका म्हणाले. "यो जित्ता हाय."

मॅडमनी झाकण काढलं. आत भिजून विरघळत आलेल्या पापडासारखं काहीतरी पांढरं पडलं होतं. मी बघताक्षणीच म्हणाले की हे गेलेलं आहे. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तपासलंस?"

मी नाही म्हटलं.

"तपासल्याशिवाय कुणी मेलेलं नसतं, वैशाली."

मग काचेच्या कांडीने मी एका बोटाला हळूच स्पर्श केला. ते जरासं आखडलं.

*

जिवंत आहे म्हटल्यावर खरी भीती सुरू झाली. समुद्रफूल टाकीत मेलं तर कुजून सगळं पाणी विषारी करतं, म्हणजे मोठ्या टाकीतले माझे मासेही गेले असते. म्हणून मी जुनी छोटी टाकी काढली आणि ती ठेवायला घरात एकच जागा मिळाली, टीव्हीच्या पुढची.

माझे मिस्टर मिलिंद यांनी आधीच जाहीर केलं की या प्रकरणात त्यांचा हात नसेल. पण पाण्यात मीठ किती आहे हे रोज मोजावं लागतं, आणि ते काम त्यांना आवडलं. लॅबमधून काढून टाकलेली एक छोटी दुर्बिणीसारखी नळी मी घरी आणली होती. पाण्याचा थेंब काचेवर ठेवायचा आणि खिडकीकडे तोंड करून आकडा वाचायचा. आठ दिवस मिलिंद ती डोळ्याला लावून शेजाऱ्यांना समुद्राचं पाणी समजावून सांगत होते.

एका रविवारी हर्षदा घरी आली आणि सहज बोलून गेली की आमच्याकडे या नळीने लघवी तपासायचे. मिलिंदनी नळी खाली ठेवली. आत गेले, साबणाने हात धुतले, डोळे धुतले, बाहेर आले आणि नळी पुन्हा उचलली.

"आता मला एकट्यालाच नीट वाचता येतं," ते म्हणाले.

*

नळाचं पाणी आणि दुकानातलं मीठ यावर माझा भरवसा राहिला नव्हता. हर्षदा करंजा बंदरावरची, घरची मासेमारीची बोट. तिचा भाऊ खोल समुद्रातून कॅन भरून आणायचा आणि ती तो एसटीने पनवेलला घेऊन यायची.

एकदा कंडक्टरने विचारलं, कॅनमध्ये काय आहे. हर्षदाच्या गळ्यात लॅबचं कार्ड होतं आणि ती कधी खोटं बोलत नाही. तिने सांगितलं, पेशंटचं पाणी आहे.

शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली.

*

आता माझी चूक सांगते, कारण ती मी सोडून बाकी सगळे सांगतात.

दुसऱ्या आठवड्यात समुद्रफुलाने दोन-चार बोटं बाहेर काढली. मला इतका आनंद झाला की मी अख्खी कोळंबी सोलून त्याच्या तोंडावर ठेवली. त्याने ती ओढून घेतली. मी लॅबमध्ये पेढे वाटायचेच काय ते राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोळंबी त्याने जशीच्या तशी ओकली होती, पाण्याला वास येत होता, आणि तोंड असं उघडं पडलं होतं की आतलं सगळं दिसावं. मिलिंद आणि मी अर्धं पाणी बदललं. मी लॅबमध्ये जाऊन रडले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी विचारलं, आयसीयूतून बाहेर आलेल्या माणसाला तू पहिल्या दिवशी काय देतेस? मी म्हटलं, पेज.

"मग याला बिर्याणी का दिलीस?"

त्यानंतर दहा दिवस त्याला फक्त स्वच्छ पाणी आणि उजेड मिळाला. दुपारी वीज जायची, पाणी तापायचं. मिलिंदचं दुकान जवळच आहे. ते शटर अर्धं ओढून घरी यायचे आणि बर्फ झालेली बाटली टाकीत तरंगत सोडायचे. गिऱ्हाइकांना काय सांगत होते, तर घरात आजारी माणूस आहे.

*

एवढं करूनही ते कुठे पाय रोवेना. पाण्याच्या धारेबरोबर टाकीभर लोळत फिरायचं. मी गुळगुळीत, सुंदर दगड ठेवले होते, दुकानातून निवडून आणलेले.

एकदा कॅन घेऊन हर्षदाची आई स्वतः आली. चंद्रामावशींनी चाळीस वर्षं करंजाच्या बंदरावर मासळी विकली आहे. आधी त्या हसल्या. त्यांच्याकडे जाळ्याला असलं काही चिकटून आलं की ओरबाडून फेकतात, आणि इथे त्याच्यासाठी पंखा लावलेला. मग स्टूल ओढून बसल्या. चहा गार झाला तरी बघत होत्या.

"त्याला औषिद नको, बाय," शेवटी म्हणाल्या. "त्याला धरायला कायतरी पायजे. या तुज्या फरशीवर आमी पन घसरू."

पुढच्या खेपेला त्यांनी बंदरातला एक ओबडधोबड, भोकाभोकांचा काळा दगड आणला. मी तो उकळून, धुऊन टाकीत ठेवला. संध्याकाळी लॅबमधून परत आले तर समुद्रफूल त्या दगडाच्या खाचेत पाय घालून बसलं होतं. काचेला टिचकी मारली, पंपाची धार त्याच्यावर वळवली. हललं नाही.

मी सगळ्यात आधी मावशींना फोन केला. त्या मासळीच्या लिलावात होत्या. पलीकडून बोलींचा आरडाओरडा येत होता आणि त्यातून मावशी कुणाला तरी ओरडून सांगत होत्या की पनवेलच्या त्याने दगड धरला.

*

खाण्याचं मात्र जमत नव्हतं. मसुराच्या दाण्याएवढा कोळंबीचा तुकडा ड्रॉपरने ठेवला तरी तीनदा त्याने तो सोडून दिला. चौथ्यांदा मी ड्रॉपर हर्षदाच्या हातात दिला. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या सुरकुतलेल्या हातात हिला पहिल्या फटक्यात शीर सापडते, तीसुद्धा समोरच्याला कळू न देता.

हर्षदाने टाकीत हात घातला आणि नुसता तसाच ठेवला. आम्ही बाजूला उभे. पाच मिनिटं गेली असतील. मग एका बोटाला तो तुकडा लागला, चिकटला, बाकीची बोटं एकेक करून त्याच्यावर मिटली आणि तोंड बंद झालं. पुढचे दोन दिवस आम्ही पाणी तपासत होतो. काही परत आलं नाही.

लॅबमध्ये मॅडमनी तिला विचारलं, तू नेमकं काय केलंस?

"काही नाही. तो तयार व्हायची वाट बघितली," हर्षदा म्हणाली.

मॅडम सहसा कुणाची स्तुती करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी नवीन आलेल्या ट्रेनी मुलीला बोलावलं आणि म्हणाल्या, आजपासून हिच्या शेजारी उभी राहा.

*

सातव्या आठवड्यापर्यंत रंग परतला. आधी कडेला चहासारखा तपकिरी, मग बोटांच्या टोकांना हिरवी झाक. आम्ही त्याला मोठ्या टाकीत हलवलं, दगडासकट.

त्या टाकीत माझा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा एक क्लाऊनफिश आहे. समुद्रात हे मासे समुद्रफुलाच्या बोटांतच राहतात. पण हा कुठल्यातरी टाकीतच जन्मलेला. त्याने आयुष्यात ना समुद्र पाहिला, ना समुद्रफूल. तीन आठवडे तो त्याच्यापासून लांब, फिल्टरच्या पाइपमागे झोपत होता. एका सकाळी बघते तर बोटांच्या मधोमध, नुसतं तोंड बाहेर.

त्या रविवारी सगळे जेवायला आले. चंद्रामावशींनी घोळ माशाचं कालवण आणलं होतं. मॅडम पहिल्यांदाच आमच्या घरी आल्या. ठाकूरकाका तर शर्टाला इस्त्री करून आले होते. जेवणाआधी माशाला खायला घालायचं म्हणून मी चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरला, पण मावशी म्हणाल्या, दे इकडं.

त्यांनी तुकडा पाण्यात धरला. मासा बाहेर आला, तुकडा तोंडात घेतला, आणि खाल्लाच नाही. वळला, खाली गेला, समुद्रफुलाच्या बरोबर तोंडावर त्याने तो ठेवला आणि नाकाने आत दाबला. बोटं मिटली.

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मिलिंदनी मला विचारलं, हे तू शिकवलंस? मी मानेनेच नाही म्हटलं.

मावशींनी दुसरा तुकडा घेतला, पदर खोचला आणि काचेला तोंड लावून त्या माशाला म्हणाल्या, "आता तू खा."

त्याने तोही नेला.