हात टेबलाखाली

भोंगाताई हे काही तिला आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. शेडमधल्या बायकांनी ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. जिन्याच्या तळाशी उभी राहून ती ‘दार उघड गं’ म्हणाली, की लेक सोडून बाकी सगळ्या बिऱ्हाडांची दारं उघडायची. आपण मोठ्यानं बोलतो असं तिला स्वतःला कधी वाटलंच नाही. लग्नाच्याही आधीपासून तिचा सगळा जन्म यंत्रमागांच्या शेडमध्ये गेलेला. तिथे माग सुरू झाले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसतं तोंड हलताना दिसतं. बोलणार काय आणि ऐकणार काय, डोंबल!

म्हणून शेडमधली माणसं हातानं बोलतात. एक बोट हवेत गरगर फिरवलं की धोट्यातली सुताची कांडी संपली, नवी आण. कॉलर चिमटीत धरली की साहेब येतोय, बुडं उचला. तळहात छातीवर ठेवून मान कलती केली की सोस बाई, काय करणार. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचा नवरा पुन्हा पिऊन आला, सगळं या रांगेतून त्या रांगेत हातांवरून जायचं. वाटेत एक शब्दही बदलायचा नाही. भोंगाताई या बोलण्यात अशी तयार होती की घरी भाजी चिरताना बोलायचं झालं तरी आधी विळी बाजूला ठेवायची.

पण गेली काही वर्षं कानात घरघर सुरू झाली होती. लेकीनं शेवटी ओढत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते काही परत येत नाही. उरलंय तेवढं राखायचं असेल तर त्या आवाजातून बाहेर पडा, आणि लवकर पडा. त्यांनी विचारलं, कानात घालायला कारखान्यातून काही देत नाहीत का? भोंगाताईला हसूच आलं. सुती कापडाच्या कारखान्यात बायका कानात घालायचा कापूस घरून आणत होत्या, घ्या!

बाहेर पडायचं म्हणजे काम सोडायचं असं नव्हे, ते परवडणारं नव्हतं. पण शेडच्या टोकाला जाड काचेच्या दारामागे कापड तपासायची खोली होती. उजेडाच्या टेबलावरून कापड पुढे ओढायचं आणि डाग, गाठी, तुटलेला धागा हेरायचा. दार लावलं की मागांचा आवाज दूरच्या कुणा शेजाऱ्याच्या घरातला वाटायचा. तिथली बाई लेकाकडे राहायला चालली होती आणि ती जागा रिकामी होणार होती. भोंगाताईनं साहेबांकडे जाऊन ती मागितली. साहेब म्हणाले, आता परदेशातलं गिऱ्हाईक येतं, कापड बघायला थेट त्या खोलीत येतं. तिथे इंग्रजी बोलणारंच माणूस लागेल. तोंडी परीक्षा ठेवलीय, द्यायची तर द्या.

भोंगाताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कान यांच्या शेडमध्ये गेले. जात होते तेव्हा कुणी परीक्षा घेतली नाही, कुणी साधं विचारलंही नाही. आणि आता उरलेला अर्धामुर्धा कान वाचवायचा, तर म्हणे इंग्रजी आणा! घरी येऊन तिनं अशी काही भांडी घासली की कढईचं बूड पातळ झालं असेल.

लेक एका मोठ्या दुकानात काउंटरवर होती, इंग्रजी फडाफडा बोलायची. तिनं तपासणीवाल्या बाईला विचारून आणलं की खोलीत गिऱ्हाईक काय काय बोलतं. निघालं असं की अर्धं बोलणं एका पुट या शब्दावरच चालतं. हा तागा पुट असाइड करा, माल पाठवायचं पुट ऑफ करू नका, दिवा पुट आउट करा, हातमोजे पुट ऑन करा, वर आणि उशीर झाला तर आम्ही ते पुट अप विथ करणार नाही.

पुट म्हणजे ठेवणं, एवढं भोंगाताईला पटकन कळलं. पुढचं ऐकून मात्र ती उखडली. दिवा विझवण्यात ठेवायचं काय असतं? मोजे घालायचे ते घालायचे, ठेवायचे कुठे? एकाच शब्दाला शेपट्या लावून दुनिया चालवतात, दुसरा शब्द बनवायला यांना काय धाड भरली होती? लेक शांतपणे म्हणाली, आई, आपल्याकडे भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, नाद लागतो, डोळाही लागतो. तेव्हा नाही तुला राग आला?  भोंगाताई म्हणाली, ते आपलं आहे.

पाठ मात्र काही होईना. ऑफ आणि आउट एकमेकांच्या जागी जाऊन बसायचे. मग एके दिवशी मागावर उभ्या उभ्या तिला सुचलं. शेडमध्ये ‘नंतर बघू’ म्हणायला पंजा पुढे ढकलतात, तोच पुट ऑफ. ‘बाजूला काढ’ म्हणायला हाताची कड सरकवतात, तो पुट असाइड. चिमूट दाबली की पुट आउट. छातीवर तळहात, तो पुट अप विथ, दुसरा कुठला असणार! हात हलला की शब्द तोंडात आपोआप येऊ लागला. समोरच्या रांगेतली तिची मैत्रीण, जिला सगळे नकट्या म्हणत, ती मागापलीकडून हात करायची आणि भोंगाताई ओठांनी इंग्रजी बोलून दाखवायची. आठवडाभरात सगळी यादी तोंडपाठ झाली.

लेकीला हे आवडलं नाही. साहेबासमोर असे हातवारे केलेस तर हसतील तुला, म्हणाली. मुलाखतीत हात मांडीवर ठेवून बसायचं असतं, दुकानात आम्हाला हेच शिकवलंय. भोंगाताईनं ठेवून बघितले, ते राहीनात. तेव्हा लेकीनं सवय मोडायची म्हणून आपली ओढणी घेतली आणि आईचे दोन्ही हात मांडीवर बांधून टाकले. आता बोल, म्हणाली. भोंगाताईनं तोंड उघडलं आणि आतून एक अक्षर येईना. शब्द डोक्यात होते, जिभेपर्यंत येत नव्हते. पोटच्या पोरीनं हात बांधले म्हणून तिला इतकं भरून आलं की लेक घाबरली आणि गाठ सोडता सोडता स्वतःच रडायला लागली. आई, तुझा कान वाचावा म्हणून करतेय गं मी, एवढंच ती म्हणाली. भोंगाताईनं मग कबूल केलं, परीक्षेत हात खाली ठेवीन.

परीक्षा साहेबांच्या केबिनमध्ये होती. भाषेचा वर्ग चालवणाऱ्या एक मॅडम बोलावल्या होत्या. त्या जवळ बसून सावकाश बोलत होत्या, त्यामुळे ओठ बघून भोंगाताईला सगळं कळत होतं. बसताना तिचे हात हललेले बघून साहेब म्हणाले, हात टेबलाखाली ठेवा. तिनं ठेवले. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, ताग्यावर डाग दिसला तर काय कराल? भोंगाताईला उत्तर येत होतं. शपथेवर येत होतं. टेबलाखाली बोटं एकमेकांत पिळून ती बसली आणि तोंडातून वाफ निघेना. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि जांभई दिली.

ती जांभई बघून तिच्या डोक्यात तिडीकच उठली. तिनं हात वर काढले. हाताची कड सरकवली आणि उत्तर बाहेर पडलं, पुट असाइड. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. मॅडम विचारत गेल्या, ती हात करत गेली आणि अडखळत का होईना इंग्रजीत सांगत गेली. शेवटी मॅडम साहेबांकडे वळून म्हणाल्या, सगळं बरोबर आहे, यांचं काम चालून जाईल.

साहेब हसले. म्हणाले, मॅडम, बरोबर असेलही, पण गिऱ्हाईकासमोर असे हात नाचवलेले शोभतात का? खोलीला जरा वजन नको? जागा नाही देता येणार, बाई. या तुम्ही.

म्हणजे इंग्रजीचं तर नावच होतं! मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. भोंगाताई उठली.

“कान तुमच्या शेडमध्ये घालवले, साहेब,” ती म्हणाली. “आता हातही घालवू म्हणता?”

ती शेडमध्ये परतली. माग धडधडत होते. नकट्यानं हातानं विचारलं, काय झालं? भोंगाताईनं सगळं सांगितलं, जांभईसकट. हात तिच्या मनाजोगे चालत होते आणि चारी रांगा कामावरून नजर काढून बघत होत्या. नकट्यानं छातीवर तळहात ठेवून मान कलती केली. भोंगाताईनं जोरानं मान हलवून नाही म्हटलं, आणि आपल्याकडचे माग एकेक करून बंद केले.

 मग नकट्यानंही आपले बंद केले. मग तिच्या शेजारणीनं, मग भोंगाताईच्या पाठीमागच्या रांगांनी. कोणी कोणाला सांगितलं नाही. कामाच्या वेळात सगळे धोटे जागच्या जागी थांबलेले शेडनं कधी बघितले नव्हते.

साहेब केबिनमधून धावत आले. दारात उभे राहून ते आधी हात उगारून बोलले, मग रांगांकडे बघून जरा थांबले, मग पुन्हा बोलले. बायकांचे चेहरे एकदम उजळले. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी एकमेकींच्या गळ्यात पडत होतं. भोंगाताई नुसती एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. नकट्या मागांमधून वाट काढत तिच्यासमोर आली आणि हातानं सांगू लागली, साहेब म्हणतात, सोमवारपासून ती खोली तुझी.

“आधी माग तरी बंद करायला सांग सगळ्यांना,” भोंगाताई म्हणाली, “काही ऐकू येत नाहीये.”

नकट्याचे हात खाली आले. शेडमध्ये एकही माग चालू नव्हता.