अर्धं लख्ख पातेलं

"घरावरून हात फिरायला हवा ग," असं म्हणत काकू खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवायच्या आणि मग त्या बोटाकडे अशा बघायच्या, की घरमालकिणीनं लाजून मरावं. माझ्या घरात एक वेळ ठीक. पण म्युझियममध्ये?

नॉटिंगहॅमला आमच्या रस्त्याच्या टोकाला दोनशे वर्षांचं लाल विटांचं घर आहे. पूर्वी एका लेसच्या व्यापाऱ्याचं, आता गावानं जपलेलं छोटंसं म्युझियम. शेजारच्या काकू, हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या सिस्टर, तिथे दर गुरुवारी व्हॉलंटियर होत्या. काका गेल्यावर इस्त्रीची साडी नेसून घराबाहेर पडायच्या त्या तेवढ्या एकाच दिवशी.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. संध्याकाळी त्यांना आणायला गेले, तर बाई तिथल्या स्वयंपाकघरात खाली बसून चिंच-मिठानं तांब्याचं पातेलं घासतायत! अर्धं झालेलं, नुसतं लखलखत होतं. दारात क्युरेटर सूझन, पांढरीफटक पडलेली. भांड्यावरचा काळा थर म्हणे मुद्दाम राखला होता, त्यावरून त्याचं वय कळतं.

"आल्यागेल्याला इतकं काळं भांडं दाखवायचं? तूच सांग!" काकू म्हणाल्या खऱ्या, पण गाडीत बसल्या आणि रडायलाच लागल्या. "म्युझियमची किल्ली दिलीय मला, ती काढून घेतील ग आता. गुरुवार गेला तर मी करू काय?"

कमिटीची मीटिंग बसली. मला वाटलं, संपलं सगळं. पण सूझननं काकूंना बोलावलं आणि किल्ली पुन्हा त्यांच्या हातात ठेवली. भांड्यांना हात लावायचा नाही, एवढीच अट. पातेलं तसंच अर्धं राहिलं.

मग काय विचारता! येणारा प्रत्येक जण त्या पातेल्यापाशीच थांबायचा आणि काकू ऐटीत सांगायच्या, "दॅट हाफ इज माय वर्क." तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितलं असतं, दोनदा.

तीन वर्षांनी काकू गेल्या. झोपेतच, शांतपणे. पुढे कितीतरी महिने माझं पाऊल तिकडे वळेना. शेवटी एका गुरुवारी गेले. पातेल्याची लख्ख बाजू काळवंडायला लागली होती.

सूझन शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं, त्या बोटाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "ते आंबट काहीतरी तुमच्या घरी असेल ना? थोडं आणाल?"