वटवाघळांची वाटणी

दुसऱ्यांची बंद पडलेली घड्याळं चालू करणाऱ्या माणसाचं स्वतःचं डोकं एकदा कसं बंद पडलं होतं, ते ऐकायचंय ना? मग चहा निवू देऊ नका आणि मधे हसू नका. हसायचं ते शेवटी एकदम हसा. मला सवय आहे.

दुष्काळाचा उन्हाळा होता. शेवगावात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पण त्या साली वेळ बघायची हौस कुणाला होती? गिऱ्हाईक नसायचं, म्हणून मी बसल्या बसल्या रोजनिशी लिहायचो. वारा कुठून सुटला, कडुनिंब कधी फुलला, चिमणीने दुकानाच्या पाटीमागे काड्या कधी आणल्या. हे लिही असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

ही गोष्ट नगरच्या एका प्राध्यापकांच्या कानावर गेली. त्यांना जिल्ह्यातल्या वटवाघळांची नोंद करायची होती, आणि तालुक्यातालुक्यात बिनपगारी माणूस हवा होता. बिनपगारी म्हटल्यावर माझी निवड ताबडतोब झाली. सरांनी एक तक्ता पाठवला: जागा, झाड, झाडाचा मालक, वटवाघळांची संख्या.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला.

"वटवाघळांकडे जायला इस्त्री कशाला?" बायकोने विचारलं.

"शास्त्राचं काम आहे."

"मग टोपी पण घाला. ती वर असतात, तुम्ही खाली."

सायकल हाणत पोचलो ते दोन भावांच्या मळ्यात. थोरला रंभाजी, धाकटा किसन. मळ्यात एक चिंच, एक वड, आणि दोन्हींना काळी फडकी वाळत घातल्यासारखी वटवाघळं लटकलेली. भाऊ मोठमोठ्याने गप्पा मारत बैलांना कडबा टाकत होते. मी लांबूनच ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. त्रास होतो."

"कुनाला?" रंभाजीने विचारलं.

"वटवाघळांना."

"आमचा आजा बैलांवर वरडायचा हितं, तवापासून हायती ती."

"तरीपण हळूच बोला."

आता बघा, दुसऱ्याच्या मळ्यात शिरून त्यालाच गप्प बसवणारा माणूस. मी तेव्हाच घरी परतायला हवं होतं. पण तक्ता भरायचा होता ना.

"ही झाडं कुणाची?" मी विचारलं.

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. "चिंच माझी," रंभाजी म्हणाला. "वड माझा," किसन म्हणाला.

तक्त्यात मालकाला रकाना एकच. "म्हणजे तुमच्या वाटण्या झाल्यात?"

"व्हय. बैलं झाली, भांडी झाली, हिरीच्या पाळ्या झाल्या."

"मग वटवाघळं कुणाच्या नावावर लिहू?"

किसनने हातातली पेंढी खाली ठेवली. "दादा, ती वाटायची ऱ्हायलीच की."

"ऱ्हायली कशी? चिंचंला लटाकलं ते माझं."

"आन् सकाळी चिंचंला अन् दुपारी वडाला गेलं तर?"

"तुझ्याकडं पाव्हनं आलं म्हनायचं."

"आन् पोटाला पिल्लू घेऊन आलं तर? पिल्लू कुनाचं?"

"मादी माझी तर पिल्लू माझंच."

मी आपला मधे उभा. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तक्ता घडी करून खिशात घातला आणि सायकलवर टांग टाकली.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर भावांचं बोलणंच बंद. एक चिंचेखाली, एक वडाखाली, एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

"घड्याळवाले, त्याला सांगा, माझी वटवाघळं फितवू नको म्हनावं."

मी वडाखाली जाऊन सांगायचो.

"घड्याळवाले, त्येला सांगा, ती सोताहून आली. तिकडं त्यांना करमत न्हाई."

मी चिंचेखाली परत. इस्त्रीच्या सदऱ्याचं पार पोतेरं झालं.

संध्याकाळी रंभाजीने मला बाजूला घेतलं आणि डोळ्यांना उपरणं लावलं. "सोमवारी माझ्या शकूचं लगीन हाय. वाटनी झाल्याबिगर चुलता मांडवात पाय ठेवनार न्हाई म्हनतो. पोरीवर अक्षता टाकायला सख्खा चुलता न्हाई, आन् ते वटवाघळापायी. तुमी लावलंय, आता तुमीच निस्तरा."

तक्त्यातल्या एका रकान्यासाठी मी एका पोरीचं लग्न नासवत होतो. मी म्हणालो, "मी पंच व्हायला तयार आहे. उद्याच निवाडा करू."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बैठक भरली. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली मंडळी बांधावर ओळीने बसली होती. सगळी खोकत होती, डोळे पुसत होती, कुणी तोंडात उपरण्याचा बोळा धरला होता. मला वाटलं, खडीची धूळ गेली असेल छातीत. दवाखान्यात दाखवून घ्या, असा सल्लाही मी दिला. त्यावर त्यांचा खोकला फारच वाढला.

मी उभा राहिलो. "सूर्य उगवताना जे ज्या झाडावर असेल, ते त्याचं."

"आन् रातचं यानं हुसकून नेली तर?" किसन.

"मी राखणीला बसेन."

"तुमाला चिंचंखालीच सावली आवडती. मला भरवसा न्हाई."

हे मला लागलं. मी रात्रभर जागून काढलेला दुसरा तोडगा बाहेर काढला. "झाड कोणतंही असो. उगवतीकडे तोंड असलेली थोरल्याची, मावळतीकडे तोंड असलेली धाकट्याची."

बांधावरून एका म्हाताऱ्याने हात वर केला. "पन ती उलटी लटाकत्यात. मग उगवती हीच धरायची का दुसरी?"

प्रश्न शास्त्रीय होता. घाईने उत्तर देणं मला पटेना. मी सर्वांदेखत खाली वाकलो आणि माझ्याच दोन पायांमधून झाडाकडे, मग सूर्याकडे नीट पाहिलं. "दिशा बदलत नाहीत," मी तसाच वाकलेल्या स्थितीत जाहीर केलं.

बांधावरची दोन माणसं मागच्या पाण्याच्या कोरड्या चारीत पडली.

तेवढ्यात दिवस मावळला आणि वटवाघळं उठली. चिंचेची, वडाची, सगळी एकदम, सगळी मावळतीकडे.

"बगा," किसन म्हणाला, "समदी मावळतीकडं तोंड करून गेली. म्हंजी समदी माझी."

"उडतानाचं तोंड धरायचं नाही," मी ओरडलो.

पण काय झालं कुणास ठाऊक, रंभाजीने धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला. "जाऊ दे. घड्याळवाले म्हनतील तसं." दोघांनी मिठी मारली. मला भरून आलं. घरी येऊन मी सरांना सविस्तर कळवलं: येथील वटवाघळांची वाटणी शांततेत पार पडली.

सोमवारी लग्नाला गेलो. दुष्काळातलं लग्न, मांडव लहान, पण किसन पुढे होऊन सगळ्यांना हाताला धरून बसवत होता. ते बघून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पंगत उठल्यावर त्याला विचारलं, "तुमचं घर कुठलं?"

"ह्येच की."

"आणि थोरल्यांचं?"

"त्येबी ह्येच."

"आणि चूल?"

"चूल एकच हाय. आमची आई जित्ती हाय अजून. वाटनीचं नाव काढलं तर लाटनं घिऊन मागं लागंल."

"मग ती चिंच, तो वड, ती भांडी?"

"तुमी आल्या आल्या आमाला गप बशिवलं, म्हनून जरा गंमत केली. दुसऱ्या दिशी सांगनार हुतो. पन दादा म्हनला, मानूस लई मन लावून करतोय, मोडू नगं."

मी मांडवात नजर फिरवली. बांधावरची सगळी मंडळी तिथे होती आणि एकालाही खोकला नव्हता.

"अहो, पण मी सरांना कळवून बसलोय," मी म्हणालो.

"मग आता खरंच वाटावी लागत्यात," रंभाजी म्हणाला.

इतक्यात शकू पाया पडायला आली. अंगाला हळद, चेहरा अगदी साधा. "काका, मी तर सासरी चालले. माझ्या वाट्याला किती देताय?"

मांडव हसून कोसळायच्या बेतात आला. पण मंडळी हसायच्या आधी, खोटं कशाला सांगू, मी पेन्सिल काढली होती आणि तिला विचारलं होतं, "सासरच्या दारात मोठं झाड आहे का?"