पेंढीचा पीळ

दामूअण्णांनी काकडी कधी चावून खाल्ली नाही. जेवायला बसले की वस्तरा काढायचे, काकडीची एक चकती कापायचे आणि खिडकीकडे धरायचे. चकतीतून बाहेरचं झाड दिसलं तरच ती तोंडात जायची. नाहीतर "जाड झाली!" म्हणून ताटाबाहेर. त्यांची बायको रडकुंडीला येऊन मला विचारायची, "अहो, ह्या माणसाला कोशिंबीर वाढू तरी कशी?"

जव्हारात तेव्हा राजेसाहेबांचं राज्य होतं. आमच्या डॉक्टरसाहेबांच्या लहानशा दवाखान्यात मी नर्स आणि दामूअण्णा कंपाउंडर. पण अण्णांचा जीव औषधांत नव्हता, मागच्या खोलीत होता. एखाद्या बाईचं अंगावरून जाणं थांबेना, तर डॉक्टरसाहेब गर्भाशयातून थोडं मांस खरवडून काढत. ते मलमलीत बांधून अण्णांकडे यायचं. आधी फॉर्मलिनमध्ये, मग हलक्या स्पिरिटात, मग कडक स्पिरिटात. शेवटी मेणात बसवून वस्तऱ्याने त्याचे झिरझिरीत काप काढायचे, रंगवायचे, आणि डॉक्टरसाहेब सूक्ष्मदर्शकातून बघून सांगणार, कॅन्सर आहे की नाही. या सगळ्याला चार-पाच दिवस लागत. कुणी घाई केली की अण्णा डोळे वटारत. "मांसाचा कण आपल्या मर्जीनं सुकतो. तुमच्या बापाच्या नाही."

त्यांची दोन खुळं होती. बाटलीत टाकायच्या चिठ्ठीवर नाव पेन्सिलीनंच लिहायचं, आणि मलमलीची पुरचुंडी रोग्याच्या माणसानंच बांधायची. पाड्यावरच्या लोकांना वाटे, अंगातलं मांस काढून हे करणी करतात की काय! "आपल्या हातानं बांधलं की माणसाच्या मनातलं भूत उतरतं," असं अण्णा म्हणत. मला मात्र तो नुसता वेळेचा खोळंबा वाटायचा.

एकदा एकाच दिवशी दोघीजणी आल्या. जामसरची सोनी आणि पेठेतल्या कापडवाल्याची बायको. सोनीच्या नवऱ्यानं, लहानूनं, पुरचुंडी बांधली. कापडवाला मात्र "शी शी!" करत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणून त्याची मी बांधली. चिठ्ठ्या लिहायला पेन्सिल सापडेना. आणि खरं सांगायचं तर, माझं अक्षर शाईत फार सुरेख दिसायचं.

दोन दिवसांनी अण्णा कडक स्पिरिट भरायला गेले आणि त्यांची हाक आली. "नर्सबाई, इकडे या."

दोन्ही बाटल्यांतलं स्पिरिट माझ्या शाईनं निळसर झालं होतं आणि चिठ्ठ्या धुतल्या कपड्यासारख्या कोऱ्या. एकीचा निकाल दुसरीला लागला असता, तर धडधाकट बाईचं गर्भाशय कापलं गेलं असतं आणि दुसरी "काही नाही" ऐकून घरी जाऊन मेली असती. आणि मी मेली काय बोलले? "अण्णा, ही थोरली पुरचुंडी कापडवालीचीच असेल हो. अंदाजानं—"

"अंदाजानं मीठ घाला!" अण्णा ओरडले. "गर्भाशय काढू नका!"

त्यांनी दोन्ही पुरचुंड्या बशीत ठेवल्या आणि लहानूला बोलावलं. तो दोन दिवस आमच्या ओट्यावरच मुक्काम ठोकून होता. अण्णांनी विचारलं, "यातली तुझी कोणती?"

लहानूनं वाकूनही बघितलं नाही. "ही माझी. भाताची पेंढी बांधतो तशी बांधलीय. पीळ देला, टोक आत खोचलं. गाठ कशाला पायजे?" मग माझ्या पुरचुंडीकडे बोट दाखवून म्हणाला, "एवढ्या गाठी मारून आमी बैल पन नाय बांधत!"

अण्णा इतके हसले की चष्मा बशीत पडला. मग गंभीर होऊन म्हणाले, "आता साहेबांना तुम्हीच सांगायचं. मी दारात उभा राहतो." मी सांगितलं. साहेबांनी मला अशी झाडली की विचारू नका. दारात अण्णा सारखे खोकत होते, मला धीर यावा म्हणून.

कॅन्सर सोनीला निघाला. कापडवालीला नुसतं मांस वाढलेलं. सोनीला मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया केली, आणि ती वाचली हो, वाचली! मग दर पावसाळ्यात ती डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन यायची. अण्णा काकडी कापून खिडकीकडे धरत, आणि ती मला विचारायची, "हा खातोय का बघतोय?"

अण्णा गेले त्या सकाळी लहानू आणि सोनी जामसरहून चालत आले. तिरडी बांधायला माणसं जमली होती. लहानू पुढे झाला, कुणाच्या तरी हातातली दोरी घेतली, पीळ दिला आणि टोक आत खोचलं. सगळीकडे तसंच. कुणीतरी म्हणालं, "अरे, गाठ मार की, सुटेल."

"नाय सुटायची," सोनी म्हणाली.

माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. तरी मनात आलंच, आता अण्णांची कुणाशी अदलाबदल व्हायची नाही.