‘बरं’ म्हणणारा मुलगा

हल्ली कुणी माझ्यासमोर म्हणालं, “किती जीव आहे हो त्याचा तिच्यावर, जरा म्हणून नजरेआड होऊ देत नाही,” की माझं डोकंच फिरतं. सून म्हणते, आई, एवढ्याशा गोष्टीवरून कशाला चिडता? चिडते बाई, काय करू? हे नजरेआड न होऊ देणं मी फार जवळून पाहिलंय.

एकाहत्तर-बहात्तर सालची गोष्ट. आम्ही कोल्हारला राहायचो. रस्त्याच्या कडेला वडिलांची पिठाची गिरणी होती आणि मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते. माझी जिवाभावाची मैत्रीण गावाबाहेर पाटाच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेला वस्तीवर राहायची. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. मॅट्रिक झाली की नगरला जायचं, तिथे राहून मास्तरणीचा कोर्स करायचा, हे तिने सातवीतच ठरवून टाकलं होतं. तिच्या वडिलांनीही होकार दिलेला. शेतातून दमून आले तरी ते तिला हाक मारायचे, “काय बाई, पोरं लई दंगा करत्यात का वर्गात?” आणि ती खोटी छडी उगारून दाखवायची.

त्या वर्षी तिच्या घरी तिचा आतेभाऊ राहायला आला. तिची आत्या देवळाली प्रवऱ्याला दिलेली. पोरगा तिकडे मॅट्रिकला आपटला, म्हणून त्याला मामाकडे धाडला, की मामाच्या धाकात चार अक्षरं डोक्यात शिरतील. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क. ही पाळण्यात होती तेव्हाच आत्याने सांगून ठेवलं होतं, ही माझी सून. त्यामुळे तो सायकल टेकवून अंगणात आला की तिची आई हसत म्हणायची, “आला गं तुझा मालक, पानी दे.” ही लाजून आत पळायची. सगळे हसायचे, मीही हसायचे.

आणि खोटं कशाला सांगू, तिला तो आवडायचा. दिसायला रुबाबदार, केसांचा कोंबडा, वर शिट्टी वाजवत सायकल चालवायचा. तिच्यासाठी खिशातून लिमलेटच्या गोळ्या आणायचा. आम्हा बाकीच्या पोरींना कोण लिमलेट देणार? आमच्या पोटात दुखायचंच जरा.

शाळा सुटली की तो फाटकाशी उभा असायचा. आधी आम्हाला त्याची मजा वाटली. मग तो विचारायला लागला, मधल्या सुट्टीत कुणाशी बोललीस, त्या मुलाने तुला वही का दिली, मास्तरांसमोर एवढी खिदळत का होतीस. तिने वेणीला लाल रिबीन बांधली तर म्हणाला, कुणाला दाखवायला? तिने रिबीन सोडली. संमेलनात तिचं नाटकात काम होतं, राणीचं. तालमीच्या दुसऱ्याच दिवशी ती मास्तरांना सांगून आली, मला जमणार नाही. मी विचारलं तर म्हणाली, “त्यानं गळ्याची शपथ घातली. म्हनला, तू केलंस तर मी पाटात उडी टाकीन.” हे सांगताना तिच्या तोंडावर काय होतं सांगू? अभिमान! आणि आम्ही सगळ्या जणी डोळे विस्फारून, “अगं बाई, किती गं जीव त्याचा!”

कप्पाळ आमचं! पण आम्हाला दुसरं दाखवलं होतं कुणी? बाप आईवर खेकसतो, म्हणजे घर त्याचं. भाऊ बहिणीला ओढ्यावर एकटी जाऊ देत नाही, म्हणजे तिची काळजी. मग हा रागावतो, म्हणजे प्रेम. असा साधा हिशोब होता आमचा आणि तो चुकीचा आहे असं सांगणारं माणूस आमच्या आसपास नव्हतं.

त्याच सुमारास माझ्याही आयुष्यात एक गोष्ट घडली. गोष्ट म्हणजे काय, चिमूटभर. वर्गात एक अबोल मुलगा होता. मला आवडायचा, पण मी हे मेले तरी कुणाला सांगितलं नसतं. एकदा शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी तो माझ्याजवळ आला, कान लालबुंद झालेले, आणि म्हणाला, “शाळा सुटल्यावर तुझ्यासोबत गिरणीपर्यंत चालत आलो तर चालेल का?” गिरणीवर वडील, रस्त्यावर सगळा गाव. मी म्हणाले, “नको.” तो म्हणाला, “बरं.” आणि ओंजळीने पाणी पिऊन निघून गेला.

मला रागच आला. अरे, एकदा तरी पुन्हा विचार! दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, ती हसेल म्हणून. ती हसली नाही.

“मग चिडला असंल,” ती म्हणाली.

“नाही गं.”

“बोलायचा बंद झाला?”

“नाही. सकाळी मास्तरांनी त्याला छडी मारली तेव्हा माझ्याकडे बघून ओशाळं हसला की.”

“जीव देतो म्हनला?”

“अगं, चालत येऊ का विचारलं त्याने, जीव कशाला देईल?”

तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, “तू नको म्हनलीस, आन् त्यो बरं म्हनला. येवढंच?”

“एवढंच. म्हणजे त्याला मी खरी आवडतच नसणार.”

त्यानंतर अधूनमधून, गणित सोडवता सोडवता, पेन्सिल दाताखाली धरून ती मला पुन्हा विचारायची, “खरंच बरं म्हनला?” मला कळेना, हिला एवढं काय लागलंय त्या ‘बरं’चं.

मला ते संक्रांतीनंतर कळलं. ती शाळेत आली ती उजव्या मनगटाला रुमाल बांधून. पेन धरताना ओठ आवळत होती. मधल्या सुट्टीत मला चिंचेखाली ओढत नेलं आणि रुमाल सोडला. मनगट सुजलेलं, त्यावर काचेने कापल्याच्या रेघा, एका ठिकाणी अजून ओल होती.

तो म्हणाला होता, नगरला जायचं नाही. तिथे कोण कोण असतं, मला ठाऊक आहे. “म्हटलं, मी जानार. नको आडवू,” ती मला म्हणाली. “मला वाटलं, एकदा सरळ सांगून बघावं. वाटलं, हाही बरं म्हनंल.”

त्याने मनगट धरलं आणि बांगड्यांसकट आवळलं. काच आत गेली तरी सोडलं नाही. मग रक्त बघून स्वतःच रडला, तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, नगरचं नाव काढणार नाही अशी शपथ घे, नाहीतर मी हा चाललो पाटाकडे.

“घेतलीस?” मी विचारलं.

“न्हाई घेतली.” आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच तो जुना अभिमान नव्हता. भीती होती, पण ती ताठ बसली होती. “मी आत्याला सांगनार हाय. यात्रेला येनार हाय ती. तिचं ऐकतो त्यो. आत्याचा माझ्यावर लई जीव हाय.”

आणि ते खरंच होतं. आत्या म्हणजे अगदी मायाळू बाई. आली की आधी भाचीला पोटाशी धरायची, मग भावाला नमस्कार. मलाही वाटलं, झालं, आता सुटली ही. एक शहाणं माणूस ऐकणार आणि त्या पोराचे कान उपटणार.

पौषातली देवीची यात्रा जवळ आली तशी आत्या आली. मैत्रिणीने मला सोबत नेलं. दुपारची वेळ होती. तो घरी नव्हता. अंगणात तिची आई आणि आत्या सुपात गहू निवडत होत्या, वडील ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. ती सरळ आत्यापुढे जाऊन बसली, रुमाल सोडला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रिबीन, नाटक, पाटाच्या धमक्या, सगळं. शेवटी म्हणाली, “आन् बांगड्या फोडल्या त्यानं माझ्या हातात.”

“अगं, फोडल्या म्हनू नी, वंगाळ असतं ते, वाढल्या म्हनावं,” आत्या पटकन म्हणाली. बोलता बोलता तिचं लक्ष मनगटाकडे गेलं आणि तिचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, खरंच भरून आले. तिने हळद मागवली, फुंकर घालत घालत स्वतःच्या हाताने लावली. “मुडद्याला काही अक्कल हाय का! यिऊ दे घरी, बघते त्याच्याकडं.” माझा जीव भांड्यात पडला.

मग आत्या ओट्याकडे वळली. “दादा, आता हे असं ठिवून चालायचं न्हाई. उफाड्याची पोरं, एका घरात ऱ्हात्यात. हात धरला म्हंजे आता बोलायचं ते काय ऱ्हायलं? पौषात काही करायचं नसतं. माघात उरकून टाकू.”

वडिलांच्या हातातला अडकित्ता थांबला. “तिला नगरला…” एवढंच म्हणाले.

“नगरचं त्येंचं ते बघतील मग. त्याचा राग बी असाच जाईल. पोरगी डोळ्यापुढं ऱ्हायली म्हंजे कशाचा राग?”

वडिलांनी मुलीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि खाली बघून पुन्हा सुपारी कातरायला लागले. बहिणीचा शब्द पाळण्यातल्या दिवसापासूनचा. तो परतवायची त्यांच्यात ताकद नव्हती. आई तर म्हणाली, “बरं झालं बाई, माझ्या जिवाला घोर लागला हुता.” इतकं सोपं झालं ते सगळं! ती वाचवा म्हणून आली होती आणि त्यांनी तिला त्याच्याच पदरात घातलं. तेही हसतमुखाने.

माझ्याने राहवलं नाही. मी म्हणाले, “आत्याबाई, तो तिला मारतो म्हणून सांगायला आलीय ती. तिला हे लग्नच नकोय.”

दोघी हसायला लागल्या. “तुझं लगीन व्हऊ दे, मंग कळंल,” आत्या माझ्या गालाला हात लावून म्हणाली. “हक्काची हाय म्हनून रागावतो गं. परक्या पोरीवर कोन रागवंल?” सोळा वर्षांची पोर मी, दुसऱ्याच्या अंगणात उभी. माझ्या बाजूने बोलायला तिथे एक चिमणीसुद्धा नव्हती.

यात्रेच्या आधी कासारीण वस्त्या-वस्त्यांवरून फिरायची. ती नेमकी तेव्हाच पाटावरून हाळी देत आली. आत्याने हाक मारून तिला आत घेतलं. “माझ्या सुनंला हिरव्या भर. आन् जरा नेटक्या भर, मोकळ्या नको.”

कासारणीने मैत्रिणीचा हात मांडीवर घेतला, सुजलेलं मनगट बघितलं आणि आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, “वाढल्या तिच्या.” कासारणीने आणखी काही विचारलं नाही. अंगठा तळव्यात दाबून ती बांगडी चढवायला लागली. मैत्रिणीने हात ताठ धरला होता, बांगडी पुढे सरकेना. “हात सैल सोड गं पोरी,” कासारीण मायेने म्हणाली. “ताठ धरलास तर तुलाच दुखंल.” मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. मी नुसती उभी होते. मग तिने हात सैल सोडला. हिरव्या बांगड्या एकामागून एक चढल्या आणि त्यांच्याखाली त्या रेघा पार झाकून गेल्या.

माघात लग्न झालं. मार्चात परीक्षा झाली. तो परीक्षेला बसला, ती नाही. तो पुन्हा आपटला.

पुढे माझंही लग्न झालं, मी नगरला राहायला आले. तिला जायचं होतं त्या गावी मी, आणि ती देवळालीला. बरीच वर्षं भेट नाही. एकदा नगरच्या एसटी स्टँडवर मागून कुणी खांदा धरला. ती होती. वाळलेली, पण डोळे तेच. सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी, आईचंच नाक घेऊन आलेली. नवरा गाडीची चौकशी करायला खिडकीवर गेला होता. आम्ही घाईघाईने बोललो, मुलंबाळं, आजारपणं, कुणाचं काय झालं. आत्या आदल्या वर्षी गेली होती. बोलता बोलता ती एकदम थांबली आणि म्हणाली, “त्या पोराचं काय झालं गं?”

“कोणत्या?”

“त्योच की. तू नको म्हनलीस, आन् त्यो बरं म्हनला.”

मला खरंच ठाऊक नव्हतं. शाळा सुटल्यावर मी त्याला पुन्हा पाहिलंच नाही. नावसुद्धा क्षणभर आठवावं लागलं. आणि हिने ते एवढी वर्षं सांभाळून ठेवलं होतं! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तिने मुलीला दंडाला धरून माझ्यापुढे ओढलं. “हिला सांग ना गं ते एकदा. माझं न्हाई पटत तिला, म्हनती, असं कुठं असतं का. तू सांग. तुझ्यासोबत झालंय.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली, खरंच ऐकायचं होतं तिला. मी म्हणाले, “अगं, आमच्या शाळेत पाण्याची टाकी होती…” तेवढ्यात तो खिडकीकडून परत आला. “काय चाललंय एवढं?” त्याने हसतच विचारलं. मैत्रिणीने पदर सारखा केला. मुलीने मान खाली घातली. आणि मी, परकी बाई, त्या माणसाला भ्यायचं मला काडीचंही कारण नव्हतं, मीही म्हणाले, “काही नाही हो, असंच.”

गाडी लागली. त्या दोघी त्याच्या मागून गेल्या.