घाई नसलेलं यंत्र

“परवा रोवणी हाय ना भाऊ? मंग नांगर उद्या घेऊन जा,” तिरोड्याचा वेल्डर एका शेतकऱ्याला म्हणाला आणि काळा चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे वळला.

मी आखलेलं भातरोवणीचं हातयंत्र तीन महिने त्याच्याकडे होतं. कॉन्व्हेंटी सभ्यपणाने मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, घाई नाही, चांगलं करा. बिचारा तेव्हापासून ते चांगलंच करत होता. दर खेपेला एखादं चाक वाढलेलं असे.

“तारीख नसली का वस्तू पुरी होत नाही बाई, सुधरतच राहते,” यंत्राला थोपटत तो म्हणाला. “आता मूठ बदलून पाहतो.”

रोवणी आठवड्याभरात संपणार होती. मग यंत्र चिखलात उतरवायला वर्षभर थांबावं लागलं असतं. मी खाली बघतच म्हटलं,

“उद्या न्यायला येते, काका. जसं आहे तसंच द्या.”