गच्चीवरचा एक फ्लॉवर

या मुंबईत कोबीच्या पानाला पडलेलं भोक बघून ते कुणी पाडलं हे सांगणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. लालबागच्या चाळीत शेवटच्या मजल्यावर त्यांची खोली आणि डोक्यावर गच्ची. गिरणीत काका फोल्डिंग खात्यात होते. विणून आलेलं कापड उजेडासमोर धरायचं आणि त्यातली भोकं, सुटलेले धागे शोधायचे, हे त्यांचं काम. गिरणी बंद पडली, पण ते त्यांच्या डोळ्यांना कुणी कळवलंच नाही. मग त्या डोळ्यांना काहीतरी काम हवं म्हणून काकांनी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत कोबी लावला. रोज सकाळी एकेक पान उजेडाकडे धरून तपासायचे. "हे आरपार भोक मोठ्या अळीचं. इथे बघ, पापुद्रा तेवढा ठेवलाय, खिडकीच्या काचेसारखा. हे त्या बारक्या पतंगाचं पोर, पाठीवर चौकटी असतात त्याच्या. आणि हे कडेनं फाटलेलं?" मी पान उलटून बघायचो. "बाजूच्या खोलीतला बोका!" हे ते बोक्याच्या मालकिणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे.

मूळचे कोकणातले. गावी आंबा, फणस, काजू. त्यातलं काही का लावत नाही, असं मी एकदा विचारलं. "आंबो काय, आपोआप येता," ते म्हणाले. "कोबी गड्डो धरता काय, ता बघूचा." आता, लालबागच्या उकाड्यात पत्र्याच्या डब्यातला कोबी गड्डा धरत नाही, हे त्यांच्याखेरीज सगळ्या चाळीला माहीत होतं. पानं यायची, ऐसपैस यायची, पण मिटायला तयार नसायची. "यंदा थंडी आहे," असं काका दर वर्षी कपाळावरचा घाम पुसत सांगायचे. पानांवर मावा पडला की तंबाखूच्या पाण्याचा फवारा, आणि तंबाखू मावशीच्या मिश्रीच्या डब्यातली. "माझ्या तोंडची मिश्री त्या किड्यांच्या घशात घालतात," मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. एका वर्षी घाण्या रोगानं सगळी पानं कडेपासून पिवळी होत काळी पडली. त्यावर उपाय म्हणजे पेरायच्या आधी बी पन्नास डिग्रीच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, असं त्यांनी कुठेसं वाचलं आणि घरातलं ताप मोजायचं थर्मामीटर पातेल्यात सोडलं. ते बेचाळीसवर जाऊन फुटलं. मावशीनं कपाळाला हात लावला. "अजून आठच डिग्री हवे होते," काका हळहळले.

बी मात्र दादरच्या एकाच दुकानातून. दुकानदार त्यांचे तीस वर्षांचे दोस्त. ऑक्टोबरात एका सकाळी काका लालबागहून चालत निघायचे, मी प्रभादेवीहून जाऊन त्यांना गाठायचो. चिमूटभर बी घ्यायला आम्हांला दोन तास लागत. दुकानात एक लाकडी स्टूल होतं, ते काकांचं.

"काय रे, यंदा तरी गड्डा दाखवणार, की परत पत्रावळीच?"

"तू बी दे. शहाणपण फुकट देतोस म्हणून घेत नाय मी."

मग बरणीतून बी निघायचं, कागदाची पुडी बांधली जायची, दोन चहा यायचे. मला तिसरा सांगायची आठवण कुणालाच व्हायची नाही, आणि मला त्याचं काही वाटायचंही नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो. आठ-नऊ वर्षं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

त्या वर्षी काका-मावशी जत्रेला गावी गेले आणि बोटभर वाढलेली रोपं माझ्या हवाली करून गेले. "पाणी चहाच्या गाळणीतून. रोज. थोडा थोडा." पहिले तीन दिवस मी गेलोच नाही. चौथ्या दिवशी घाबरून तीन दिवसांचं पाणी एकदम ओतलं. दोन दिवसांत रोपं बुडख्याशी कुजून आडवी झाली. मी दादरला जाऊन फुटपाथवरच्या रोपवाल्याकडून तेवढीच रोपं आणली. "कोबीच ना?" "कोबीच, साहेब." कोबी आणि फ्लॉवर लहानपणी सारखेच दिसतात, हे मला कुठं माहीत? गावाहून आल्या आल्या काका गच्चीवर गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरी जगवलंस रे. हात आहे तुला." इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं माझं ते पहिलं कौतुक. तिथंच सांगायला हवं होतं. मी हसलो.

जानेवारीत पानांच्या मधोमध पांढरं काहीतरी दिसलं. काका पाण्याच्या टाकीला टेकून बराच वेळ बसून राहिले. मग शर्ट घातला, मला बोलावून घेतलं आणि आम्ही दादरला गेलो.

"तू मला फ्लॉवरचं बी दिलंस."

"मी? तीस वर्षं बी विकतोय मी!"

"तीस वर्षं माझी थट्टा करतोयस. या खेपेला बीच फिरवलंस."

या दोन्हींचं बी शेजारी ठेवलं तर ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. दुकानदारांनी बरणीत हात घातला, तळव्यावरचं बी बघत राहिले आणि बोलायचे थांबले. मी पिशवी धरून दारात उभा होतो. काका त्या दुकानात परत गेले नाहीत. पुढे मी एकदा धीर करून विषय काढला. "त्याचं नाव नको," म्हणाले, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. नंतर त्यांनी कोबी लावला नाही. चाळ पाडायला निघाली, ते दूर उपनगरात राहायला गेले आणि गेल्या भाद्रपदात वारले. मावशी आधीच गेली होती.

या ऑक्टोबरात मी त्या दुकानात गेलो. बरण्या नव्हत्या, सगळं कंपनीच्या बंद पाकिटांत. दुकानदार थकले होते. मी काका गेल्याचं सांगितलं, मग उरलेलं सगळं सांगितलं. ते काउंटरवरची पाकिटं उगाच सारखी करत राहिले.

"एक फोन करायचा होतात," शेवटी म्हणाले. "त्याचा डोळा कधी चुकायचा नाही. म्हणून मीच चुकलो, असं धरून बसलो. सुटं बी विकणं बंद केलं मी."

त्यांनी पाकिटं बाजूला सारली.

"कसा झाला होता फ्लॉवर?"

"एकच धरला. मुठीएवढा. पण पांढराशुभ्र. काकांनी कापला नाही."

"पांढरा? त्या उन्हात?" त्यांनी मान वर केली. "पानं बांधली होती त्यानं?"

बांधली होती. भांडण करून आलो त्याच दुपारी काकांनी त्याची चार पानं वर ओढून डोक्यावर मिटली आणि गिरणीच्या कापडाच्या चिंधीनं बांधली. मी बघत होतो. "कोणाचाय असांदे," ते म्हणाले होते. "उन्हात नाय ठेवूचा."

"ते मी शिकवलं होतं त्याला," दुकानदार म्हणाले. "तेव्हा म्हणाला, मला काय करायचंय, मी कोबीवाला."

काउंटरजवळ ते स्टूल अजून होतं. मला त्यांनी बस म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मला बसवलं नसतं. जरा वेळानं त्यांनी चहावाल्याला हाक मारली आणि सवयीनं दोन बोटं दाखवली.